जाला, पत्ते आणि साठवलेले काम
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषेचा शिक्षक. यंत्रावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे आपणांस वाटेल. परंतु गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या दारावरील पाटीने मला या विषयाकडे वळविले. पाटीची अक्षरे अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यातून लेसर यंत्रावर कापून घेतली होती. यंदा प्रयोगशाळेच्या नावासाठी आणखी पाच अक्षरे हवी होती. त्याच दुकानात गेलो. तेथील मुलगा म्हणाला, "सर, ती फाइल ठेवली नाही. वळण कोणते होते, वेग किती ठेवला होता, काही लक्षात नाही." नवी अक्षरे मिळाली, पण जुन्यांशी जुळेनात. कडासुद्धा निराळ्या दिसतात. एकदा नीट केलेले काम दुसऱ्यांदा पहिल्यापासून करावे लागले, आणि तेही तसे झाले नाही.

आता आपण जरा मागे जाऊ. सन १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा त्याच्याबरोबर विणकरही इकडे आले, असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. आपल्या शहराचे नाव ज्या कापडाने दूरवर गेले तो हिमरू, म्हणजे सुती ताणा आणि रेशमी बाणा. किनखापाची शोभा, पण जरीचा खर्च नाही. या कापडावरील वेलबुट्टी विणकराने दर वेळी आठवून काढावयाची म्हटली, तर जन्म पुरावयाचा नाही. म्हणून जाला असे. नक्ष्यातील प्रत्येक ओळीला ताण्याचे कोणते धागे वर उचलावयाचे, ते दोऱ्यांच्या गाठींत बांधून मागावर टांगलेले असत. मदतनीस दोऱ्यांचा एकेक जुडगा क्रमाने ओढी आणि विणकर धोटा टाकी. जाला एकदा बांधला की तेच फूल शंभर वेळा उमलत असे. विद्यार्थी मित्रांनो, 'साठवून ठेवलेले काम' म्हणतात ते हेच. ते संगणकात नव्हते, दोऱ्यांत होते, एवढाच फरक.

पुढे फ्रान्समधील लिओं शहरी जाकार नावाच्या गृहस्थाने सन १८०४ मध्ये जाड कागदाच्या छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा साचा सिद्ध केला. छिद्र असेल तेथे आकडा वर जाऊन धागा उचलतो. नसेल तेथे धागा खालीच राहतो. एक पत्ता म्हणजे बाण्याची एक ओळ. पत्त्यांची माळ बदलली की नक्षी बदलली, माग तोच. छिद्रांच्या पत्त्यांची हीच युक्ती पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हॉलेरिथ याने माणसे मोजण्यासाठी वापरली, आणि संगणकही कितीतरी वर्षे तसल्याच पत्त्यांवर चालले. तेव्हा विणकराच्या मुलाने संगणकासमोर बसताना बुजू नये.

मात्र जाला काय किंवा पत्ता काय, फूल कोणते ते सांगतो. सूत कोणत्या नंबराचे होते, ताण किती ठेवला, मागच्या खेपेला धागा कोठे तुटला, हे सांगत नाही. ते उस्तादांच्या डोक्यात असे. उस्ताद गेले की तेही गेले. हिमरूचे माग आज मोजके उरले आहेत. त्याची कारणे पुष्कळ आहेत, बाजार हे त्यांतले मोठे. पण अशा न लिहिलेल्या गोष्टी हेही एक कारण आहे, असे माझे मत आहे.

चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील कारखान्यांत आज पत्रा लेसरने कापला जातो. त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कामाची पूर्ण मांडणी जपून ठेवता येते: पत्रा कोणता, जाडी किती, लेसरची शक्ती, कापण्याचा वेग, वायू कोणता व त्याचा दाब किती, प्रथम आतली भोके कापावयाची आणि मग बाहेरची कड. हा क्रम उलटला तर सुटा झालेला तुकडा हलतो आणि भोक जागेवर पडत नाही. एका पत्र्यावर तुकडे कसे बसवावयाचे, तेही त्यातच असते. शिंपी कापडावर फर्मे फिरवून फिरवून चिंधी वाचवितो, तशातला हा प्रकार.

दुसरी सोय आहे ती झालेल्या कामांच्या नोंदीची. कोणत्या दिवशी कोणते काम लावले, किती वेळ लागला, यंत्र कोठे थांबले, त्या वेळी आकडे काय होते. मांडणी म्हणजे शिंप्याचा फर्मा आणि नोंद म्हणजे त्याची मापांची वही. पुष्कळ जण फर्मा जपतात, वही उघडतच नाहीत.

माझा एक माजी विद्यार्थी अशा कारखान्यात यंत्र चालवितो. वडील हातगाडीवर फळे विकतात. घर बरेचसे या मुलाच्या पगारावर चालते. एके दिवशी सकाळच्या पाळीत त्याने कापलेल्या स्टेनलेसच्या तुकड्यांना खालून जाड बर आली. माल परत आला. मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मुलगा रडला नाही, भांडला नाही. त्याने मागच्या कामांची यादी उघडून मालकांपुढे धरली. काम तेच, पत्रा तोच, जाडी तीच. पण आदल्या रात्रीपासून नायट्रोजनचा दाब कमी झालेला. रात्रपाळीत सिलिंडर संपत आला होता, म्हणून कोणी तरी दाब उतरविला आणि त्याच नावाने मांडणी पुन्हा साठवून टाकली. दाब कमी पडला की वितळलेली धातू खाली उडून न जाता कडेलाच चिकटते. सकाळी या मुलाने नेहमीचे नाव पाहून यंत्र सुरू केले होते. त्याची नोकरी राहिली. चूक त्याचीही थोडी होती, हे त्यानेच मला सांगितले: नावावर विसंबून त्याने आकडे वाचले नव्हते.

आता तो कोणताही बदल जुन्या नावावर साठवीत नाही. नावात धातू, जाडी आणि तारीख घालतो, आणि शेजारी कारण लिहितो. ते कारण तो मराठीत लिहितो, याचा मला, भाषेचा शिक्षक म्हणून, विशेष आनंद आहे.

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण लेसरची लहान यंत्रे आता गल्लोगल्ली आली आहेत. अ‍ॅक्रिलिकसाठी साठवलेली मांडणी दिसायला तशाच असलेल्या पीव्हीसीवर चालवू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू सुटतो. तो फुप्फुसांना अपाय करतो आणि यंत्रही गंजवितो. पत्रा कसला आहे हे यंत्राला कळत नाही, ते माणसालाच पाहावे लागते.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी आयटीआयला अथवा चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये जातो म्हणाली, तर "यंत्रावरचा कामगार होणार" म्हणून तोंड वाकडे करू नका. संध्याकाळी घरी आल्यावर, आज काय कापले आणि ते कोठे लिहून ठेवले, एवढे विचारा.

आपल्या दारावरील पाटी येता-जाता अवश्य पाहा. खालची पाच अक्षरे वरच्यांपेक्षा किंचित जाड दिसतील. त्यांची मांडणी या वेळी मी त्या मुलाकडून नावानिशी साठवून घेतली आहे, आणि आकडे शाळेच्या जमाखर्चाच्या वहीत, पावतीशेजारी लिहून ठेवले आहेत.