ढालकिडा दिसला की फवारा? थांबा जरा!

आपल्या गोंदियात धानाच्या बांधीतही ढालकिडे दिसतात, अन् बांधावरच्या वांग्यावरही. दोन्हीवर एकच फवारा मारणं मला पटत नाही.

ठिपके मोजू नका, त्यात फसगत होते. पाठ बघा. वांग्यावरच्या हेनोसेपिलॅक्नाची पाठ बारीक लवेमुळे मळकट दिसते. तो पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करतो. पाठ गुळगुळीत, चकचकीत असली तर तो बहुधा आपला मित्र. नागमोडी काळ्या रेघा असल्या तर चिलोमेनेस, मावा खाणारा. नारिंगी पाठीवर मधोमध काळी रेघ असली तर मायक्रास्पिस. धानात हाच जास्त, तुडतुड्यांची पिल्लं खातो.

एक अपवाद आहे हं. स्किम्नसलाही लव असते, पण तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, अन् मित्रच.

प्रजाती, म्हणजे जीनस, पक्की करायची तर भिंग घ्या. हेनोसेपिलॅक्नाच्या जबड्याला पान खरवडायला अनेक दात असतात. किडा उलटा करा: पोटाच्या पहिल्या खंडावर, मागच्या पायाच्या बुडाशी, एक वाकडी रेघ असते. तिच्या वळणावरून तज्ज्ञ प्रजाती वेगळ्या करतात.

आणि अळ्या? वांग्यावरची पिवळट, काटेरी. मावा खाणारी काळपट, लांबट, अगदी इवलीशी मगर!