फवारणीची विषबाधा आणि आपले औषधभांडार
(वार्षिक सभेतील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, हिशेबाची माणसे. तरीही भांडाराच्या नोंदवहीतील एका औषधाविषयी बोलणे अगत्याचे वाटते. ते औषध म्हणजे अ‍ॅट्रोपिन.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. हट्ट्याच्या परिसरातही खरिपात पाठीवरचे पंप चालतातच.

मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके श्वासावाटे तशीच कातडीवाटेही शरीरात भिनतात. घाम, लाळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. पुढे छातीत घरघर लागते. ऊन लागले असे समजून घरी वेळ दवडला जातो. अशा वेळी कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, मीठपाणी पाजून उलटी काढू नये, रुग्णास तात्काळ आणावे आणि सोबत औषधाची बाटलीही आणावी. कारण प्रत्येक विषाचा उतारा निराळा. सोमलावरचा उतारा येथे चालत नाही. आणि डायफेन्थियुरॉनवर तर खास उतारा नाहीच, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात.

अ‍ॅट्रोपिनची नेहमीची कुपी ०.६ मिलिग्रॅमची. गंभीर रुग्णास आरंभी ३ कुप्या दिल्या आणि छाती मोकळी झाली नाही, तर दर ५ मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जातात. तीन, सहा, बारा, चोवीस : पाव तासात ४५ कुप्या, त्याही एकाच रुग्णासाठी! म्हणून साठा भरपूर ठेवावा लागतो. त्यातील काहींची मुदत संपते आणि ती रक्कम ताळेबंदात तोटा म्हणून दिसते. वाणिज्य शाखेचे पदवीधर असूनही आम्ही तिला विम्याचा हप्ता मानतो.

आप्तजनांना एक विनंती. रुग्ण बोलू लागला की घरी नेण्याचा आग्रह होतो. मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. परंतु विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत मान उचलेनाशी होऊन श्वासाचे स्नायू एकाएकी दुबळे पडू शकतात, आणि त्या वेळी कृत्रिम श्वसनयंत्राखेरीज आधार नसतो. डॉक्टर सांगतील तोवर खाट सोडू नये.

देणगीदारांनी यंदाचे साहाय्य शक्य तो फवारणीचा हंगाम लागण्यापूर्वी पाठवावे.