चेहरा आणि चाकरी



ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकावर सकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की मुलाखतीला निघालेली मुलं-मुली लगेच ओळखू येतात. कडक इस्त्रीचे कपडे, हातात प्लास्टिकचं फोल्डर, आणि घडोघडी मोबाइलचा कॅमेरा उघडून केस ठीक आहेत ना, हे बघणं चालू. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, "दिसण्यात काय आहे? अंगात गुण हवेत." आणि त्याच तोंडाने बजावतात, "जाताना दाढी करून जा रे." मला विचाराल तर यातलं दुसरं वाक्य जास्त खरं आहे.

दिसण्याचा पगाराशी संबंध असतो. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९९४ साली त्याचा हिशेबच मांडला. दिसायला बेताचे समजले जाणारे लोक इतरांपेक्षा साधारण ५ ते १० टक्के कमी कमावतात, असं त्यांना आढळलं. हे झालं बघणाऱ्याचं. पण ज्याच्याकडे बघितलं जातं, त्याच्या मनात काय चालतं?

अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजात रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी एक प्रयोग केला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. काही जणींच्या चेहऱ्यावर रंगाने मोठा व्रण काढला आणि तो त्यांना आरशात दाखवला. मग व्रणावर मलम लावायचं निमित्त करून तो गुपचूप पुसून टाकला. चेहरा पूर्ववत झाला, पण त्यांना त्याचा पत्ता नव्हता. अनोळखी माणसाशी बोलून आल्यावर त्या सांगू लागल्या, की समोरची व्यक्ती अवघडली होती, व्रणाकडे टक लावून बघत होती. नसलेल्या व्रणाकडे!

पण व्रण खरा असेल तर? आणि चेहरा हेच पोटापाण्याचं साधन असेल तर?

येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिता पवार मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होत्या. नायिका होत्या, गात होत्या. टॉलस्टॉयच्या कादंबरीवरचा 'दुनिया क्या है' हा चित्रपट त्यांनी १९३७ साली स्वतः निर्माण केला. म्हणजे बाई नुसत्या देखण्या नव्हत्या, धंद्याची जाणही होती. १९४२ साली एका चित्रीकरणात अभिनेते मास्टर भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार लांबले, आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. वय पंचविशीच्या आसपास. नायिकेची कामं संपली.

इथून पुढची गोष्ट 'संकटाचं सोनं केलं' अशी सांगायची आपल्याला सवय आहे. मला ती पुरती पटत नाही. बारीक झालेला डोळा म्हणजे कपट, हा अर्थ काही ललिताबाईंनी ठरवला नव्हता. तो धंद्याने ठरवला आणि प्रेक्षकांनी मान्य केला. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या १९५०च्या 'दहेज'मध्ये त्या छळवादी सासू झाल्या, आणि मग खाष्ट बायकांची रांगच लागली. थेट १९८७च्या 'रामायण' मालिकेतल्या मंथरेपर्यंत. काम भरपूर मिळालं, नावही मिळालं. पण घराघरांतल्या बायकांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली, ती त्या डोळ्याकडे बघून.

त्यांचं कसब दिसतं ते वेगळ्या ठिकाणी. 'श्री ४२०'मध्ये केळी विकणारी गंगामाई तोच चेहरा घेऊन येते, आणि तिच्या मायेबद्दल कुणाला शंका येत नाही. हृषीकेश मुखर्जींच्या १९५९च्या 'अनाडी'त मिसेस डी'सा राज कपूरवर भाड्यासाठी खेकसतात, आणि पाठ फिरली की त्याच्यावर जीव टाकतात. तोच डोळा, पण इथे त्यात कपट शोधूनही सापडत नाही. या भूमिकेला फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला. डोळा दुरुस्त झाला नव्हता. तो कशासाठी वापरायचा, हे आता बाई ठरवत होत्या. आत्मविश्वास म्हणायचा तर मी याला म्हणेन.

आणि १९६२चा 'प्रोफेसर' आठवतो का? शिकवणीसाठी वयस्क मास्तर हवा, म्हणून तरणाबांड शम्मी कपूर पांढरी दाढी लावून म्हातारा होतो. रूप बदलतो आणि नोकरी मिळवतो! त्या घरातल्या करड्या बाई म्हणजे ललिताबाई. त्या या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडतात. चाळिशी उलटलेली, नायिकेची कामं जाऊन वीस वर्षं झालेली, आणि ही बाई पडद्यावर सोळा वर्षांच्या मुलीसारखी लाजते. थिएटरभर हशा पिकतो. मला मात्र त्या प्रसंगात हसण्याआधी त्यांची उभं राहण्याची ढब दिसते. तीसच्या दशकातली नायिका ती ढब विसरलेली नव्हती.