डोके व मान यांच्या सीटी अँजिओग्राफीतील मात्रेची काटकसर
(विश्वस्त मंडळाच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. क्ष-किरणशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार मर्यादित. तथापि या विषयाचा संबंध खर्चाच्या वहीशी आणि रुग्णाच्या मूत्रपिंडाशी एकाच वेळी येतो, म्हणून तो आपल्यापुढे मांडीत आहोत.

कात्रज घाट व नवले पुलाकडील बाह्यवळण मार्गावरील अपघातग्रस्त, तसेच पक्षाघाताचे रुग्ण यांच्या मानेतील व मेंदूतील रक्तवाहिन्या तातडीने पाहाव्या लागतात. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट औषध वेगाने सोडून महाधमनीच्या कमानीपासून माथ्यापर्यंत चित्रे घेतली जातात. वाटेत थायरॉइड ग्रंथी व डोळ्यांची भिंगे येतात. दोन्ही किरणांच्या बाबतीत नाजूक.

पक्षाघातात गुठळी विरघळविण्याच्या औषधासाठी साधारणतः साडेचार तासांचीच मुदत असते. क्रिएटिनिनच्या अहवालासाठी तपासणी अडवून धरू नये, असे तज्ज्ञ सांगतात. अशा वेळी मूत्रपिंडाची काळजी घ्यावयाची, तर औषधाची मात्रा मुळातच कमी हवी.

पूर्वापार रीत १२० किलोव्होल्टची. विद्युतप्रवाह तोच ठेवून विद्युतदाब ८० वर आणला, तर किरणांची मात्रा एक-तृतीयांशाच्या आसपास येते. आयोडीन ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किंचित वरचे किरण विशेष शोषून घेते. कमी दाबाच्या किरणांची ऊर्जा या पातळीच्या अधिक जवळ असल्याने तेवढेच औषध अधिक उजळ दिसते. म्हणून ७०-८० मिलिलिटरऐवजी ४०-५० मिलिलिटर औषध व त्यामागोमाग सलाइनचा रेटा, एवढ्यावर पुष्कळदा भागते. चित्र दाणेदार होते खरे. संगणकीय पुनर्रचनेच्या नव्या पद्धतींनी तो दोष बराच आवरता येतो. रुंद खांद्यांच्या रुग्णास मात्र १०० किलोव्होल्ट द्यावेत. तेथे काटकसरीचा हट्ट नको, कारण चित्र अस्पष्ट आल्यास तपासणी पुन्हा करावी लागते आणि दोन्ही मात्रा दुप्पट होतात.

आता खरेदी विभागाचे मर्म. एकाच रुग्णासाठी असलेल्या बाटलीतील उरलेले औषध दुसऱ्यास देता येत नाही. १०० मिलिलिटरची बाटली फोडून ४५ वापरले, तर मूत्रपिंडावरचा भार हलका होतो, देयकावरचा नाही. म्हणून ५० मिलिलिटरच्या बाटल्या मागवाव्यात, असा आमचा आग्रह आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखीव असतात आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. निर्धनांची औषधे खरेदी किमतीने याच निधीत खर्ची पडतात. २०२२ साली शांघायमधील टाळेबंदीने एका मोठ्या कारखान्याचे उत्पादन घटले, तेव्हा अनेक देशांत या औषधाची चणचण भासली होती, हेही ध्यानी असावे.

पुनर्रचनेच्या संगणकप्रणालीचा खर्च मोठा आहे. त्याचा निर्णय मंडळाने सवडीने घ्यावा. विद्युतदाबातील बदलास मात्र अंदाजपत्रकाची तरतूद लागत नाही, केवळ क्ष-किरणतज्ज्ञांची संमती लागते. तपासणीनंतर यंत्राच्या पडद्यावर उमटणारा मात्रेचा आकडा प्रत्येक अहवालात लिहावा, अशी सूचना आम्ही विभागास दिली आहे.