बिनफर्डचा टी-शर्ट



अमेरिकेत अवजारांच्या एका कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट आजही खपतात. कंपनीचं नाव बिनफर्ड टूल्स. पण हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बिनफर्डचा साधा पाना मागितलात तरी मिळायचा नाही. ही कंपनी 'होम इम्प्रूव्हमेंट' नावाच्या विनोदी मालिकेच्या लेखकांनी कल्पनेतून उभी केली. मालिका एबीसी वाहिनीवर १९९१ ते १९९९ चालली.

टिम ॲलननं रंगवलेला टिम टेलर हा डेट्रॉइटच्या उपनगरात राहणारा संसारी माणूस. बायको, तीन मुलगे आणि स्थानिक टीव्हीवर 'टूल टाइम' हा घरदुरुस्तीचा कार्यक्रम. कार्यक्रमाचा खर्च बिनफर्ड करते. हातात येईल त्या यंत्राची ताकद वाढवायची टिमला भारी हौस, त्यामुळे काही ना काही जळतं, फुटतं, उडतं. शेजारी त्याचा सहकारी अल असतो. चौकड्यांचा शर्ट, कमरेला अवजारांचा पट्टा, आणि तेच काम शांतपणे, नेटकं करून दाखवण्याची हातोटी. टिम स्वतः अनेकदा मिशिगनमधल्या कॉलेजांची नावं असलेले स्वेटशर्ट घालायचा. आपण कुठले, हे छातीवर मिरवायची रीत मालिकेतच होती.

मालिकांतल्या काल्पनिक कंपन्यांच्या शर्टांचं एक मोठं घराणंच आहे. 'सॅनफर्ड अँड सन' ही १९७२ ते १९७७ मधली मालिका लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या भंगारवाल्या बापलेकांची. त्यांच्या जुन्या फोर्ड ट्रकच्या दारावर रंगवलेलं दुकानाचं नाव आता टी-शर्टवर येतं. 'लाव्हर्न अँड शर्ली'मधल्या दोघी मैत्रिणी मिलवॉकीच्या शॉट्झ ब्रूअरीत बाटल्यांना झाकणं लावायच्या, त्या ब्रूअरीचाही शर्ट निघतो. 'टॅक्सी' मालिकेतल्या सनशाइन कॅब कंपनीचाही.

यातली मला फार आवडणारी गोष्ट अशी, की या शर्टांवर बहुधा नटाचा चेहरा नसतो. असतं ते फक्त कामाच्या जागेचं नाव, आणि तेही कंपनीनं आपल्या माणसांना वाटलेल्या शर्टावर असावं तसं. अमेरिकेत अवजारांच्या, ट्रॅक्टरच्या, बियाण्यांच्या कंपन्या असे शर्ट आणि टोप्या पूर्वीपासून वाटत आल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी लॉन कापताना, गाडीखाली शिरताना लोक तेच घालतात. बिनफर्डचा शर्ट घालणारा माणूस नुसता मालिकेचा चाहता दिसत नाही, तिथला कामगार दिसतो. मी याला नुसती फॅशन म्हणणार नाही. हातानं काम करणाऱ्यांविषयीचा जिव्हाळा त्यात आहे.

खऱ्या कंपन्यांचं काय झालं ते पाहिलं की हे जास्त कळतं. अवजारांसाठी क्राफ्ट्समन हे नाव सिअर्स या दुकानांच्या साखळीनं १९२७ मध्ये घेतलं. या नावाच्या हातअवजारांना आयुष्यभराची हमी असायची. तुटलेला पाना काउंटरवर ठेवायचा आणि नवा घेऊन घरी जायचं. २०१७ मध्ये सिअर्सनं हे नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरला विकलं आणि २०१८ मध्ये सिअर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. डेट्रॉइट शहरानं तर २०१३ मध्येच तो केला होता. बिनफर्डमधून मात्र कुणाला घरी बसावं लागलं नाही.

डेट्रॉइटच्या आसपास मोटारउद्योगात आपली मराठी माणसंही आहेत. तिकडे सुतार-प्लंबर बोलावणं खिशाला परवडत नाही. त्यामुळे इकडे असताना खिळाही न ठोकलेला माणूस तिथे ड्रिल मशीन विकत घेतो आणि गॅरेजच्या भिंतीवर पाने, पकडी ओळीनं टांगतो. टिम टेलरचं वेड त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता खरा जुना शर्ट ओळखायचा कसा? बाही आणि खालचा घेर उलटा करून बघा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच अमेरिकन शर्टांना तिथे शिलाईची एकच ओळ असते, पुढच्या काळात दोन समांतर ओळी सर्रास झाल्या. मग छापावरून बोट फिरवा. प्लॅस्टिसोल ही शाई कापडात मुरत नाही, वर थर धरून बसते. साधारण १६० अंश सेल्सिअसला तापवली की पक्की होते. वर्षानुवर्षांच्या धुण्यानं त्या थराला बारीक भेगा पडतात. हल्ली या भेगा चित्रातच काढून कोरा शर्ट जुना म्हणून विकतात. मला ते पटत नाही. नवा छाप स्वच्छ, ठसठशीत असावा आणि भेगा पाडायचं काम घालणाऱ्याच्या अंगावर सोपवावं.

तुमच्याकडे असा एखादा शर्ट असेल, कुणी अमेरिकेहून आणून दिलेला असेल, तर तो उलटा करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि छापावरून इस्त्री फिरवू नका. शाईचा थर उष्णतेनं मऊ होतो आणि इस्त्रीला चिकटतो. इस्त्री करायचीच असेल तर आतल्या बाजूनं, हलक्या हातानं करा.