ब्राउझरचा इशारा वाचायचा कसा

बँकेची किंवा कॉलेजची साइट उघडावी आणि लाल खुणेसकट ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा समोर यावा, हे आता घरोघरी घडतं. अशा वेळी बहुतेक जण विचारतात, हा घालवायचा कसा? माझं म्हणणं असं की आधी विचारावं, हा आला कशामुळे? त्याचं उत्तर इशाऱ्याखालच्या बारीक अक्षरांतच असतं, आणि ते वाचल्याशिवाय केलेला उपाय बहुधा वाया जातो, कधी कधी महागातही पडतो.

कुठलीही सुरक्षित साइट उघडताना तिचा सर्व्हर ब्राउझरला सर्टिफिकेट दाखवतो. त्यावरचं नाव जुळतं का, मुदत चालू आहे का आणि ते देणारी संस्था विश्वासातली आहे का, हे ब्राउझर तपासतो. एक जरी गोष्ट चुकली तरी तो थांबतो. ‘सर्ट डेट इन्व्हॅलिड’ असं दिसलं तर प्रथम आपल्याच कॉम्प्युटरची तारीख पाहा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि चालू सर्टिफिकेटही ब्राउझरला चुकीचं वाटतं. तारीख बरोबर असेल, तर बहुधा साइटवाल्यांनीच मुदत संपू दिलेली असते. ‘सर्ट ऑथॉरिटी इन्व्हॅलिड’ आलं तर कारण अँटिव्हायरस, ऑफिसचं नेटवर्क किंवा जुना फोन असू शकतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सर्टिफिकेटं ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटच्या आधाराने ओळखली जात, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 रोजी संपली आणि अपडेट न मिळालेल्या अनेक उपकरणांवर धडधाकट साइट्सही अडल्या. दोष शोधायची सोपी रीत अशी: तीच साइट वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. इशारा गेला तर संशय वाय-फायवर, दुसऱ्या फोनवरही राहिला तर साइटवर, एकाच यंत्रावर येत असेल तर त्या यंत्रावर.

यावर कुणी म्हणेल, बहुतेक इशारे अशा किरकोळ कारणांचेच असतात, मग पुढे गेलं तर काय बिघडलं? लोक तसे जातातही. अडीच कोटींहून अधिक इशारे तपासणाऱ्या 2013 च्या एका अभ्यासात क्रोमवरचे सर्टिफिकेटचे सुमारे 70 टक्के इशारे लोकांनी ओलांडलेले आढळले. पण 2011 साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या सर्टिफिकेटं देणाऱ्या कंपनीत हॅकर घुसले आणि त्यांनी गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट बनवलं. ते वापरून इराणमधल्या सुमारे तीन लाख लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवली गेल्याचं तपासात दिसलं. क्रोममध्ये गूगलच्या साइट्सची जादा तपासणी होती, म्हणून त्यात इशारा आला. इराणमधल्या एका जीमेल वापरणाऱ्याने तो उघडपणे मांडला आणि प्रकरण जगासमोर आलं. आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे, असं म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की त्या लाखोंत बहुतेक तुमच्याआमच्यासारखेच होते. आपल्याकडेही 2014 साली एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती.

दुसरी समजूत याच्या उलट टोकाची: इशारा आला नाही, म्हणजे साइट खरी. हेही मानू नका. सर्टिफिकेट फुकट मिळतं, ते फसवणूक करणाऱ्यालाही मिळतं. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की वाटेत कुणी वाचत नाही; पलीकडे कोण बसलंय, याची हमी त्यात नाही. हा गैरसमज लक्षात घेऊन क्रोमने 2023 मध्ये ते चिन्ह काढलं. म्हणून पत्ता अक्षर अन् अक्षर वाचावा.

तेव्हा जिथे पासवर्ड, ओटीपी किंवा पैसे द्यायचे, तिथे इशारा ओलांडू नये. थांबावं, कारण वाचावं, दुसऱ्या जोडणीवर पडताळावं. आणि साइट चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रवेशअर्जाच्या साइटचं सर्टिफिकेट संपू द्यायचं आणि विद्यार्थ्यांना ‘ॲडव्हान्स्डवर क्लिक करून पुढे जा’ असं सांगायचं, हे बंद करा. त्या एका सूचनेने हजारो मुलांना धोका ओलांडायची सवय लागते. मुदत संपायच्या आत नूतनीकरण करणं हे तुमचं काम आहे, त्याचा भार त्यांच्यावर टाकू नका.