नोंदवहीतील कोरी जागा

कडगंचीच्या परिसरात तुरीचे पीक पावसाच्या भरवशावर उभे असते. पर्जन्याच्या नोंदवहीत श्रावणाची जागा कोरी राहिली आणि तेथे कोणी शून्य लिहिले, तर कागदावर नसलेला दुष्काळ पडतो. संगणकाची ‘आर’ ही भाषा कोरी जागा ‘एनए’ या खुणेने शून्याहून वेगळी राखते; तशीच सरासरी मागितली, तर उत्तरही ‘एनए’च देते. हा हट्ट मला आवडतो! सर्वत्र सरासरी भरणे सोपे खरे, परंतु त्याने आकड्यांतील चढउतार खोटाच कमी होतो. शेजारच्या पर्जन्यमापकांवरून अंदाज बांधणे अधिक बरे. १९८१ साली आसामात जनगणना झाली नाही. तेथील लोकसंख्या पुढे १९७१ व १९९१च्या आकड्यांवरून काढली गेली. कोष्टकाखाली तशी टीप छापतात.